बाईसाहेबांची थरथरी

"आत्याबाई, विहिणीच्या पंगतीला थरथरीचं गाणं म्हणायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

सासूबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला. कुरडईची तार अर्धी प्लास्टिकच्या कागदावर, अर्धी सोऱ्याला लोंबत राहिली. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी वेळ साधूनच बोलले होते, कारण एकदा आळीतल्या बायका वर आल्या की मग आमच्या ह्या केशरबाईंना काही सांगायची कुणाची टाप नाही. माझी तर नाहीच.

"का गं अश्विनी? त्या गान्यानं तुजं काय घोडं मारलं?"

"तुमी दुसरं काहीबी म्हणा ना. ढीगभर गाणी येत्यात तुमाला."

"ढीगभर येत्यात, पर मानसं हसत्यात त्ये त्या एकाच गान्याला." त्या पुन्हा सोऱ्या दाबायला लागल्या. "नातीचं लगीन हाय माज्या. आता न्हाई म्हनायचं तर कवा म्हनू? माज्या तेराव्याला?"

घ्या!

विहिणीची पंगत म्हणजे काय, ते शहरातल्या लोकांना आता सांगावं लागतं. मुलाकडच्या बायकांना वेगळं बसवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, आग्रह करकरून वाढायचं, आणि त्यांनी पहिला घास घेतला रे घेतला की मुलीकडच्या बायकांनी गाण्यातून त्यांची यथेच्छ टिंगल करायची. खायला गोड आणि ऐकायला तिखट, असा तो मामला. आमच्या भावकीत त्याला नियमही आहे. सुरू झालेलं गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही, आणि ते संपेपर्यंत विहिणीने ताटावरून उठायचं नाही. गाणं अर्धं राहिलं तर नवरीचा संसार अर्धा राहतो म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण आमच्याकडे लाइट गेली, वादळ आलं, एकदा तर मांडवात कुणाचा तरी बैल शिरला, तरी बायकांनी गाणं पुरं करूनच पळ काढलेला आहे.

आणि गाणं म्हणजे आमच्या केशरबाईंचं. कोल्हारपासून पार नेवाशापर्यंत ज्या घरांत आमच्या सोयरिकी झाल्या, त्या सगळ्या घरांतल्या विहिणी ह्या गाण्याने पोट धरून हसलेल्या आहेत. माझ्या लग्नात तर त्या स्वतःच विहीण होत्या. माझ्या माहेरच्या बायकांनी मोठ्या हौसेने टिंगल सुरू केली. ह्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, हात धुतले, पदर खोचला आणि उभं राहून थरथरी अशी काही म्हटली की माझी आई हसता हसता मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. पुढे आईला कुणी विचारलं, लेकीची सासू कशी आहे, तर ती आधी हसायची आणि मग "बरी आहे" म्हणायची.

थरथरी म्हणजे जेली. लग्न होऊन कोल्हारला आल्या आल्या केशरबाई साखर कारखान्याच्या क्लबात कामाला लागल्या. भांडी घासायची, भाज्या निवडायच्या. तिथल्या चीफ इंजिनिअरांची बायको म्हणजे बाईसाहेब, आणि बाईसाहेबांना जेलीचं वेड. लाल-हिरवी गोड जेली नव्हे हं. ती पोरंसोरं तरी खातात. बाईसाहेबांकडे विलायती मासिकं यायची आणि त्यातल्या रंगीत चित्रांत टोमॅटोच्या जेलीत उकडलेली अंडी, कोबीची जेली, जेलीचा मासा असले प्रकार असायचे. क्लबात मोठा फ्रिज. बाईसाहेब चित्र बघून करायच्या, थंड करायच्या आणि अधिकाऱ्यांच्या बायकांना बोलावून वाढायच्या. नवऱ्यांच्या नोकऱ्या इंजिनिअरसाहेबांच्या हाताखाली, नको कोण म्हणणार? स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्या पदार्थाला नाव ठेवलं थरथरी, आणि केशरबाईंनी त्याच्यावर गाणं रचलं.

पुढे क्लब बंद पडला. केशरबाईंनी मग घरच्या शेतात राबून बघितलं, सासरे गेल्यावर शाळेत पोरांची खिचडी शिजवली, आमच्या ह्यांना, म्हणजे हनुमंतरावांना, शिकवलं. माझी अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा माझ्या लेकीला, निकिताला, त्यांनीच सांभाळलं. दिवसभर राब राब राबायचं आणि कुणाच्या घरी लग्न निघालं की परात घेऊन हजर. कारण थरथरी नुसती म्हणायची नसते. परात दोन्ही हातांत धरून खांदे, गाल, पोट सगळं थरथरवत मांडवभर फिरायचं असतं. आता त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण थरथर अजून शाबूत आहे.

"आता का न्हाई म्हनायचं त्ये सांगनार हायेस, का माजी कुरडई वाळवनार हायेस?"

मग सांगितलं.

आदल्या दिवशी आम्ही नगरला कापडबाजारात बस्ता बांधायला गेलो होतो. निकिताच्या होणाऱ्या सासूबाई, लीनाताई, केडगावहून आल्या होत्या. ह्या लीनाताई कॉलेजात ग्रंथपाल होत्या आणि अजूनही समोरच्याने आवाज चढवला की अशा बघतात की माणूस आपोआप कुजबुजायला लागतं. त्यांचा धवल आणि आमची निकिता पुण्यात एकाच ऑफिसात. दोघांनी परस्पर ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. आम्ही शेतकरी, ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारे-लिहिणारे. लीनाताईंनी विरोध केला नाही, पण त्यांच्या मनात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळेना. "डीजे नको, फार आवाज नको," एवढी एकच अट त्यांनी घातली होती. निकिता लग्नानंतर काही महिने त्यांच्याच घरी राहून काम करणार होती. माझी पोर आहे दणकून बोलणारी. त्या घरात तिचं कसं व्हायचं, ह्या काळजीने माझी झोप उडाली होती.

तर त्या दुकानात बसल्या बसल्या लीनाताई म्हणाल्या, "माझं लहानपण तुमच्याच भागात गेलं. कारखान्याच्या कॉलनीत. बाबा तिथे चीफ इंजिनिअर होते."

माझ्या मांडीवरची साडी खाली घसरली.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई मी लहान असतानाच गेली. कावीळ झाली होती. मग बाबांनी मुंबईला नोकरी घेतली, दुसरं लग्न केलं." एवढं बोलून त्यांनी दुकानदाराला मोतिया रंग दाखवायला सांगितला.

हे ऐकून केशरबाईंनी सोऱ्या खालीच ठेवला.

"बेबी?" त्या म्हणाल्या. "आपल्या निकिताची सासू म्हंजी बाईसाहेबांची बेबी हाय?"

"व्हय."

"आगं, कडंवर घिऊन फिरायचे मी तिला! माजं लुगडं चघळून चघळून वलं करायची." त्यांचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाटलं, उगाच सांगितलं. "तिला सांगितलंस का, मी तिच्या आयपाशी हुते म्हनून?"

"न्हाई. ते सांगितलं असतं तर मग गाण्याचंबी निघालं असतं."

फुललेला चेहरा हळूहळू मिटला.

"खरं हाय तुजं," त्या म्हणाल्या. "आय गेलेल्या पोरीम्होरं तिच्या आयची टिंगल? माजी जीब झडंल. न्हाई म्हननार."

"आणि ओळखसुद्धा लग्न झाल्यावर द्या, आत्याबाई. निवांत. उगाच आधी काही नको."

"बरं," त्या म्हणाल्या. बस, बरं. भांडल्या असत्या तर मला परवडलं असतं. एरवी कुरडया घालताना ह्यांचं गुणगुणणं चालू असतं. त्या दिवशी बायका आल्या, उन्हं चढली, सगळ्या कुरडया झाल्या, पण ह्या गप्पच. जिंकूनही मला घास गोड लागला नाही.

लग्न वैशाखात, हायवेवरच्या लॉनवर. अक्षता पडल्या, फोटो झाले, माझं रडूनही झालं. बाकीच्या लोकांना बुफे होता, पण विहिणीची पंगत बसलीच पाहिजे हा केशरबाईंचा हट्ट मी मान्य केला होता. पाटावर बसेल अशी एकही विहीण आता शिल्लक नाही, सगळ्यांचे गुडघे गेलेले. म्हणून टेबलं लावली आणि रांगोळी टेबलावरच काढली. मधोमध लीनाताई, मोतिया पैठणीत ताठ बसलेल्या. शेजारी त्यांच्या नणंदा-जावा. निकिता आणि धवल नव्या नवलाईने कोपऱ्यात खुर्च्या टाकून बसलेले. केशरबाई एका बाजूला, परातीशिवाय.

आमच्या बायकांनी दोन गाणी म्हटली. साधीच. विहीण काळी, विहीण गोरी, विहिणीच्या नाकात मोरी, ह्या धर्तीची. लीनाताईंच्या जावा मोबाईल बघायला लागल्या. एकीने तर जांभई दिली. आमच्या बायका पुन्हापुन्हा केशरबाईंकडे बघत होत्या, आणि केशरबाई मांडवाच्या झालरीकडे बघत होत्या. नातीच्या लग्नात अशी पाहुण्यासारखी बसलेली आजी मी कधी पाहिली नव्हती. पण म्हटलं, होऊ दे, एवढी पंगत निभावली की सुटलो.

तेवढ्यात वाढपी गोड घेऊन आला.

मेनू आमच्या ह्यांनी ठरवला होता. मी विचारलं होतं, गोड काय? तर म्हणाले, जिलबी आणि कस्टर्ड. कस्टर्डवर काय असतं ते मला ह्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. वाढप्याने लीनाताईंच्या पुढ्यात वाटी ठेवली. पिवळ्या कस्टर्डवर लालभडक जेलीचे तुकडे. आणि वाटी टेबलावर टेकताच ते सगळे मिळून थरथरले.

आमच्या शेजारची राहीबाई पाणी वाढत होती. तिने ते पाहिलं आणि तांब्या तसाच उंच धरून किंचाळली, "आगं बया! थरथरी आली की गं पंगतीला!"

"राहीबाई, गप!" मी म्हणाले. पण राहीबाईला कुठलं ऐकू येतंय? तिने तांब्यावर चमचा वाजवायला सुरुवात केली.

*थरथरी गं थरथरी, बाईसाहेबांची थरथरी!*
*चमचा लावता अंग चोरी, गिळू जाता नरड्यात फिरी!*

झालं! दुसऱ्या बायकांनी टाळ्या धरल्या. कुरडया घातल्यापासून दाबून ठेवलेली हौस ती. लीनाताईंच्या जावांनी मोबाईल खाली ठेवले.

*इहीनबाई सावरून बसा, पदर घ्या नीट,*
*आमच्या घरचं पक्वान्न हाय लई धीट,*
*ताटात वाढलं, ताटातच ताठ उभं राहिलं,*
*खानारीकडं आदी त्यानंच वळून पाहिलं!*

हशा पिकला. आणि राहीबाई थांबली, कारण तिला पुढचं येत नाही. पुढचं कुणालाच येत नाही. सगळ्या जणी केशरबाईंकडे वळल्या.

"काकी, उठा की!" राहीबाई ओरडली. "गानं अर्धं राहतंय. पोरीचा संसार हाय!"

केशरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं सांगू? त्यांना मोडायचं नव्हतं, ना मला दिलेला शब्द, ना आमच्या भावकीचा नियम. आणि दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. कोपऱ्यातून निकिता ओरडली, "आज्जी, म्हण ना गं! माझं लग्न आहे!" मी काय करणार होते? मान खाली घातली.

त्या उठल्या. वाढप्याच्या हातातली रिकामी परात काढून घेतली, तडक लीनाताईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इहीनबाई, राग धरायचा आसंल तर माज्यावर धरा. पोरीवर नको."

आणि सुरू केलं.

*मासा केला पान्याचा, पोटात वाटाणं,*
*डोळ्याला लावलं काळं एक फुटाणं,*
*मासा म्हनला, मामलेदारीणबाई, नमस्कार!*
*मामलेदारीणबाई म्हनल्या, आज मी निराहार!*

परात थरथरली, खांदे थरथरले, गाल थरथरले. अख्खी पंगत टेबलं बडवत होती. मी मात्र लीनाताईंकडे बघत होते. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. संपलं, म्हटलं. पोरीचा पहिलाच दिवस आणि आम्ही तिच्या सासूची भर मांडवात शोभा केली.

"तो मासा," लीनाताई म्हणाल्या. "ते परत म्हणा."

"कंचं?"

"माशाचं. वाटाण्याचं."

केशरबाईंनी पुन्हा म्हटलं. ह्या खेपेला परात स्थिर, आवाज खाली. लीनाताई एकेक शब्द ओठांवर घोळवत ऐकत होत्या.

"लीनाताई, मनावर घेऊ नका," मी मध्ये पडले. "आमच्याकडं अशीच रीत असती, कुणाचं नाव घेऊन काही..."

"अश्विनीताई, तुम्ही जरा गप्प बसा हो!" लीनाताई ओरडल्या. मोठ्याने. ग्रंथपालबाई! त्यांचे यजमान शामकांतराव बुफेच्या रांगेतून ताट घेऊन धावत आले, की काय झालं म्हणून.

लीनाताईंचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या केशरबाईंना सांगायला लागल्या, "मला एक मासा आठवतो. काचेसारखा. पोटात हिरवे वाटाणे होते आणि हात लावला की हलायचा. मी बाबांना विचारलं, आपल्याकडे असा मासा होता ना? ते म्हणाले, तुला स्वप्न पडलं असेल. आईचं काहीही विचारलं की ते हेच म्हणायचे. त्यांनाही सोसत नसेल. पण मग मलाच वाटायला लागलं, की आपण सगळं मनानेच जुळवलंय. आईसुद्धा."

"सपान न्हवं, बाई," केशरबाई म्हणाल्या. "त्यातलं वाटानं मी माज्या हातानं सोलल्यात."

"तुम्ही?"

"मी केशर. क्लबातली. तुज्या आयच्या हाताखाली हुते. तुला बेबी म्हनायचो आमी समदे."

एवढं म्हणेपर्यंत तुमचं तुजं झालं होतं, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. लीनाताईंनी त्यांचा हात धरला, परातीसकट.

"आईला माहीत होतं हे गाणं?"

"आगं, तिच्याच म्होरं म्हनलं पयल्यांदा! कुनीतरी चहाडी केली, म्हनली, केशर तुमच्यावर गानं म्हनती. बाईसाहेबांनी बोलावलं. म्हनल्या, म्हन. मला वाटलं, गेली नोकरी. भीत भीत म्हनलं. तर कट्ट्याला टेकून सगळं ऐकलं आन् म्हनल्या काय, केशर, नुसती गातीयास काय, थरथर कुठाय? आन् सोता परात घिऊन मला करून दाखवली. ही थरथर माजी न्हाई, बेबी. तुज्या आयची हाय."

मी इतकी वर्षं ती थरथर पाहत आले. केशरबाईंचीच समजत होते. राहीबाईने नाक ओढलं.

"मग पुढचं म्हणा," लीनाताई म्हणाल्या. "अर्धं ठेवायचं नसतं ना?"

मग काय विचारता! केशरबाईंना जसं काही वारंच आलं. पदर खोचला, परात उचलली आणि पुढचं कडवं असं झोकात घेतलं की गुडघ्यांनासुद्धा कुरकुरायला सवड मिळाली नाही.

*टमाट्याची थरथरी, आत उकडलेली अंडी,*
*वर खोवली कोथिंबीर, जशी बाळाची शेंडी,*
*अकौंटंटीणबाईनं तोंडात धरली, तोंडात धरली,*
*गिळंना, थुकंना, घरापातुर नेली!*

आणि लीनाताई हसल्या. त्यांचं ते हसणं म्हणजे काय सांगू! आधी नुसतेच खांदे हलले, मग तोंडावर रुमाल गेला, मग रुमालाला न जुमानता हसू फुटलं आणि मध्येच श्वास आत ओढताना नाकातून घर्र असा आवाज आला, चक्क घोरल्यासारखा. एवढ्या शिस्तीच्या बाईच्या नाकातून! धवल आ वासून आईकडे बघत राहिला.

पण केशरबाई तिथे अडखळल्या. ज्या गाण्यात त्या उभ्या जन्मात चुकल्या नसतील, त्यात त्यांचा ताल गेला. क्षणभर परात तशीच धरून त्या लीनाताईंकडे बघत राहिल्या. राहीबाईने तांब्या वाजवून ताल धरून दिला, तेव्हा भानावर आल्या.

*चैताच्या उन्हात लाइट गेली, थरथरीची आमटी झाली,*
*बाईसाहेबांनी हसत हसत सूप म्हनून वाटीत घातली!*

इथे गाणं संपतं. मी लग्न होऊन आल्यापासून इथेच संपत आलंय. मी सुटकेचा निःश्वास सोडून टाळ्या वाजवायला लागले, तर केशरबाईंनी हात वर केला.

"आजून एक कडवं हाय. त्यात टिंगल न्हाई, म्हनून मी त्ये लग्नात म्हनत न्हाई. आज म्हनते."

परात खाली ठेवली आणि हात मोकळे सोडून, ओवी म्हणावी तशा म्हणाल्या:

*पाव्हण्या गेल्या, ताटं राहिली, बाईसाहेब वट्यावर बसली,*
*माशाची शेपटी चमच्यानं तोडून लेकीच्या मुखात घातली,*
*लेक म्हनली, आई, अजून! आख्खा मासा झाला फस्त,*
*साऱ्या गावात खानारी एक, तिलाच थरथरी लागली मस्त!*

कुणी टाळी वाजवली नाही. लीनाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"अख्खा मासा मी खाल्ला?"

"शेपटीपासनं फुटान्यापातुर. आन् दुसऱ्या दिशी पुन्ना मागितलास."

"काकू," लीनाताई म्हणाल्या. केशरबाईंना त्या पहिल्यांदाच काही म्हणून हाक मारत होत्या. "माझ्याकडे तिचा एक फोटो आहे. चेहरा रोज दिसतो. पण आवाज काही केल्या आठवत नाही. ती हसायची कशी?"

केशरबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पदराने त्यांचे डोळे पुसले, जसे निकिताचे लहानपणी पुसायच्या तसे.

"आता तू हासलीस न्हवं का, मगाशी? त्या अकौंटंटीणबाईला?" त्या म्हणाल्या. "मधीच नाकातनं आवाज काढलास बघ. म्हनून तर चुकले मी. मला वाटलं, बाईसाहेबच हासल्या."

लीनाताईंनी चमचा उचलला आणि तसाच परत ठेवला. समोरच्या वाटीतलं कस्टर्ड पार पातळ झालं होतं. मग राहीबाईकडे वळून त्या म्हणाल्या, "ते अंड्याचं कडवं पुन्हा घ्या ना."

राहीबाईने तांब्या उचलला. केशरबाईंनी बसल्या बसल्याच सूर लावला. आणि अकौंटंटीणबाई तोंडात घास घेऊन घरी पोचायच्या आतच लीनाताईंना हसू फुटलं. खांदे हलले, रुमाल तोंडाकडे निघाला, पण ह्या वेळी त्यांनी तो मध्येच थांबवून मांडीवर ठेवला. नाकातून तो आवाज आला, तशा त्या हसता हसता एकदम गप्प झाल्या आणि मान जराशी कलती करून ऐकत राहिल्या.